तुमच्या त्या दिवसाचं आकाशातून चित्र: जुनी सहल उपग्रहचित्रांतून पुन्हा कशी पाहावी

एगिसहॉर्न या शिखरावर पोचलो तेव्हा समोर काहीच नव्हतं. स्वित्झर्लंडमधली आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत लांब, २० किलोमीटरहून अधिक पसरलेली, नेमकी आमच्या पायांखाली होती आणि आम्हाला दिसत होता तो नुसता पांढरा ढग. तासाभरात तो एकदाच फाटला, पाचेक मिनिटांसाठी. तेवढ्यात खाली राखाडी बर्फ दिसला आणि त्यावरून शेजारी शेजारी जाणाऱ्या दोन काळपट रेघा. बरोबरच्या कुणीतरी विचारलं, "रस्ता आहे का हो तो?" उत्तर कुणालाच देता आलं नाही. ढग पुन्हा मिटला आणि आम्ही केबल कारने खाली उतरलो.

दोन वर्षांनी एका रात्री त्या रेघा मला उपग्रहचित्रात सापडल्या. त्यांचा माग काढत मी उत्तरेकडे सरकत गेले. बर्फाचे मोठे प्रवाह जिथे एकत्र येतात त्या कॉन्कॉर्डियाप्लाट्झपाशी त्या सुरू होत होत्या. दोन हिमनद्या मिळतात तेव्हा त्यांच्या काठांवरचा दगडधोंड्यांचा ऐवज मधोमध अडकतो आणि पट्टा होऊन बर्फाबरोबर पुढे वाहत राहतो. शाळेच्या भूगोलात "मध्य हिमोढ" हा शब्द मी पाठ केला होता. तीन मुख्य प्रवाह, त्यांच्यामधल्या दोन रेघा. जे पाहिलं होतं ते काय होतं, हे मला घरी बसून, दोन वर्षांनी कळलं.

तेव्हापासून प्रत्येक प्रवासानंतर मी हे करते. जुन्या सहलींसाठीही केलं. त्याची रीत इथे शक्य तितकी तपशिलाने लिहिते आहे. पैसे लागत नाहीत. लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी पुरतात. मोबाइलवरही थोडंफार जमतं, पण पडदा मोठा असेल तर खरा आनंद.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बहुतेक जण गूगल अर्थ उघडतात, राहिलेल्या हॉटेलचं छप्पर शोधतात, "अरे, हेच ते!" म्हणतात आणि बंद करतात. ते छप्पर खरंच सुंदर आणि स्पष्ट दिसतं. पण ते चित्र कुठल्या तरी भलत्याच दिवसाचं असतं. तुम्ही तिथे होता त्या दिवसाचंही चित्र बऱ्याचदा उपलब्ध असतं. अंधूक असेल, अर्धं ढगाळ असेल, पण त्यात तुम्ही असता. ते शोधणं हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे.

कुठे होतो आणि नेमकं कधी

आधी मोबाइलमधले त्या प्रवासाचे फोटो एका फोल्डरमध्ये घ्या. मोबाइलने काढलेल्या फोटोत, लोकेशन चालू असेल तर, अक्षांश, रेखांश, वेळ आणि पुष्कळदा उंचीही नोंदलेली असते. फोटोच्या "माहिती" किंवा "तपशील" या पर्यायात ती दिसते. इथे एक अडचण हमखास येते. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रातली ही नोंद पुसली गेलेली असते. तेव्हा सोबत्यांकडून मूळ फाइल मागवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर नोंद शाबूत राहते.

जीपीएस नसलेला कॅमेरा असेल तर वेळेवरून जागा काढावी लागते. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का, हे आधी पाहा. माझं एका प्रवासात घरच्याच वेळेवर राहिलं होतं आणि सूर्यास्ताचे फोटो भररात्री काढल्यासारखे दिसत होते. उपाय सोपा आहे: मोबाइल आणि कॅमेरा दोन्हींनी एकाच क्षणी टिपलेली एखादी गोष्ट शोधा. केक कापताना, बोट सुटताना, कसलीही. दोन्ही वेळांमधला फरक काढा आणि तो कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंना लावा.

जुन्या, रोलच्या काळातल्या सहलींसाठी अल्बमच्या मागे लिहिलेल्या तारखा, तिकिटांची अर्धुकं, डायरी, पोस्टकार्डावरचा शिक्का हेच आधार. दिवस नाही कळला तरी महिना कळला तर पुष्कळ काम होतं.

आकड्यांबद्दल थोडं. अक्षांश-रेखांश दशांशात लिहा. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे दशांशचिन्हानंतरचा चौथा आकडा सुमारे ११ मीटरपर्यंत नेतो. आपल्या कामाला चार पुरे. सर्च करताना अक्षांश आधी, रेखांश नंतर लिहितात, पण केएमएल (गूगल अर्थमध्ये टाचण्या आणि वाटा साठवणारी फाइल) हिच्या आत क्रम उलटा असतो, रेखांश आधी. हाताने फाइल बनवताना हे विसरलात तर तुमची दऱ्याखोऱ्यांतली पायवाट एखाद्या महासागरात जाऊन पडेल. आणि चीनमधला प्रवास असेल तर लक्षात ठेवा, तिथल्या अधिकृत नकाशांची मोजणी मुद्दाम सरकवलेली असते. म्हणून उपग्रहचित्रावर रस्त्यांच्या रेघा काहीशे मीटर बाजूला पडलेल्या दिसतात. तिथे रेघेपेक्षा चित्रावर विश्वास ठेवा.

यादी नको, प्रश्न हवेत

एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये तारीख, वेळ, जागा, आकडे लिहा. शेवटचा रकाना "काय कळलं नव्हतं?" असा ठेवा. हा रकाना भरल्याशिवाय मी नकाशा उघडत नाही.

त्या वळणावर अचानक गार वारा कुठून आला? बोटीतून दिसलेलं पाणी अर्ध्यात हिरवं आणि अर्ध्यात गढूळ का होतं? गाइडने "पलीकडे जुना ज्वालामुखी आहे" म्हणून हात केला, तो कुठे? आम्ही चार तास चाललो, मग नकाशात अंतर इतकं कमी कसं? असे दहा प्रश्न असले की चित्र वाचायला दिशा मिळते. प्रश्न नसतील तर दहा मिनिटांत डोळे थकतात आणि सगळी जमीन सारखीच दिसायला लागते.

स्पष्टपणाचे दोन-तीन प्रकार

उपग्रहचित्र चौकोनी ठिपक्यांचं बनलेलं असतं आणि एक ठिपका जमिनीवरचा किती भाग व्यापतो यावर त्याचा उपयोग ठरतो. वर्ल्डव्ह्यू-३ या २०१४ साली सोडलेल्या खासगी उपग्रहाचा ठिपका सुमारे ३१ सेंटिमीटरचा आहे. त्यात गाडी ओळखू येते, छत्र्यांच्या रांगा मोजता येतात. माणूस ओळखता येत नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा ठिपका १० मीटरचा. फुटबॉलचं मैदान त्यात साधारण दहा बाय सात ठिपक्यांचं होतं, मोठं हॉटेल काही ठिपक्यांचं आणि गाडी दिसतच नाही. अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा. आणि टेरा, ॲक्वा या नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाचा सर्वांत बारीक ठिपका २५० मीटरचा, म्हणजे अख्खी वस्ती दोन-चार ठिपक्यांत संपते.

मोठ्या ठिपक्याला कमी लेखू नका. मोडिस साधारण रोज जवळजवळ सगळी पृथ्वी टिपतं. सेंटिनेल-२ची जोडी विषुववृत्तावरच्या एका जागी दर पाच दिवसांनी येते, ध्रुवांकडे पट्टे एकमेकांवर चढत असल्याने आणखी लवकर. ३१ सेंटिमीटरवाला उपग्रह मात्र तुमच्या दिवशी तुमच्याच डोक्यावर असेल, याची शक्यता फार थोडी.

आधी ओळख पटवा: गूगल अर्थ प्रो

जागा नक्की करण्यासाठी स्पष्ट चित्रच हवं, म्हणून सुरुवात इथून. संगणकावर चालणारं गूगल अर्थ प्रो २०१५पासून फुकट आहे. ब्राउझरमधल्या गूगल अर्थमध्येही आता जुनी चित्रं दिसतात, पण खोल काम मला प्रोमध्येच जमतं.

वर सर्चमध्ये अक्षांश-रेखांश टाका, जागेवर पोचा, पिवळी टाचणी लावा. टाचणीच्या चौकटीत नाव लिहा आणि त्याखाली वहीतला प्रश्नही. चालताना घड्याळाने किंवा ॲपने वाट नोंदवली असेल तर ती जीपीएक्स फाइल म्हणून बाहेर काढा आणि इथे उघडा. रेघ जमिनीच्या उंचीला चिकटवायची का असं विचारलं जातं, तिथे हो म्हणा. मग त्या रेघेवर उंचीचा आलेख मागवा. चार तासांचं कोडं बहुधा इथेच सुटतं. सरळ अंतर थोडं असतं, पण रेघ सतत वरखाली झालेली दिसते.

आता मला सगळ्यांत आवडणारी कृती. एखादा दूरवरचा, क्षितिज दिसणारा फोटो घ्या. टाचणीपाशी अगदी जमिनीपर्यंत खाली उतरा आणि त्या दिशेला तोंड करा. गूगल अर्थमधली डोंगररांग आणि तुमच्या फोटोतली डोंगररांग शेजारी शेजारी ठेवा. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सरकलं की एका क्षणी शिखरांच्या रेषा जुळतात. मग प्रत्येक शिखरावर क्लिक करून त्याचं नाव आणि अंतर काढता येतं. मेनूमधून तुमचा फोटोच त्या जागी बसवताही येतो. उंची फुगवून दाखवणारी सेटिंग १ वर आहे ना, एवढं आधी पाहा. नाहीतर डोंगर उगाच टोकदार होतात आणि काहीच जुळत नाही.

याच प्रोग्रॅममध्ये सूर्याचं बटण आहे. ते चालू करून दिवस आणि वेळ सरकवली की उजेड-अंधार त्याप्रमाणे जमिनीवर पडतो. त्या घाटात दुपारी तीनलाच संध्याकाळ का झाली होती, याचं उत्तर मला असं मिळालं: पश्चिमेच्या कड्याची सावली तेव्हाच दरीत उतरते.

जुनी चित्रं पाहायला घड्याळाचं चिन्ह दाबा. वर पट्टी येते, ती सरकवत जा. इथे तारखांबाबत जपून राहा. खाली दिसणारी तारीख तुमचा कर्सर जिथे आहे त्या तुकड्याची असते, कारण सगळं चित्र वेगवेगळ्या दिवसांच्या तुकड्यांनी शिवलेलं असतं. एका गावाची पूर्वेकडची बाजू हिरवीगार आणि पश्चिमेकडची करडी, मध्ये सरळ रेघ, असं दिसलं तर ती शिवण आहे. खूप दूरून पाहताना दिसणारी बिनढगी पृथ्वी तर अनेक दिवसांची चित्रं एकत्र करून ढग गाळून बनवलेली असते. तशी ती प्रत्यक्षात कधीच दिसली नव्हती.

एस्री कंपनीचं वर्ल्ड इमेजरी वेबॅक हे दुसरं साधन. २०१४पासून त्यांच्या नकाशाच्या ज्या ज्या आवृत्त्या आल्या, त्या सगळ्या तिथे आहेत. आवृत्तीची तारीख ही चित्राची तारीख नव्हे. जागेवर क्लिक केलं की चित्र टिपल्याची खरी तारीख दिसते. गूगलकडे जे वर्ष सापडत नाही, ते पुष्कळदा इथे सापडतं.

आता आपला दिवस

प्रवास २०१५च्या उत्तरार्धानंतरचा असेल तर आधी कोपर्निकस ब्राउझर हे सेंटिनेल उपग्रहांची चित्रं दाखवणारं संकेतस्थळ उघडा. पहिला सेंटिनेल-२ जून २०१५मध्ये गेला, दुसरा मार्च २०१७मध्ये. म्हणून २०१७पासून पुढे चित्रं दाट मिळतात. नुसतं पाहायला खातं लागत नाही, डाउनलोडसाठी फुकट खातं उघडावं लागतं. क्रम असा:

१. सर्चमध्ये जागा शोधा आणि साधारण वीसेक किलोमीटरचा परिसर पडद्यावर येईल एवढंच झूम करा.

२. उपग्रहांच्या यादीतून सेंटिनेल-२, एल२ए निवडा. एल२ए म्हणजे हवेतल्या धुरकटपणाचा परिणाम काढून टाकलेली चित्रं. जुन्या तारखांना ती नसतील तर एल१सी, म्हणजे तो परिणाम न काढलेली, पाहा.

३. ढगांच्या टक्केवारीची मर्यादा शंभरावर न्या. ही पायरी चुकली की आपला दिवस हातचा जातो. टक्केवारी ११० किलोमीटर लांब-रुंद तुकड्याची मोजलेली असते. तुकडा ऐंशी टक्के ढगाळ असेल आणि नेमकी तुमची दरी उघडी असेल, असं पुष्कळदा होतं.

४. कॅलेंडर उघडा. ज्या दिवशी उपग्रह वरून गेला ते दिवस वेगळे दाखवलेले असतात. तुमच्या प्रवासातले जितके त्यात सापडतील तितके एकेक करून पाहा.

५. चित्राच्या तपशिलात टिपल्याची वेळ असते, ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. त्या जागेच्या घड्याळात बदलून घ्या आणि मोबाइलमधले त्याच वेळेच्या आसपासचे फोटो शोधा.

पाचवी पायरी मनावर घ्या. हे उपग्रह सूर्याशी वेळ जुळवून फिरतात, स्थानिक सौरवेळेने सकाळी साडेदहाच्या सुमारास विषुववृत्त ओलांडतात. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणाऱ्या देशांत भिंतीवर तेव्हा साडेबाराही वाजलेले असू शकतात. त्या वेळी तुम्ही मोठ्या फेरीबोटीत होता का? मग पाण्यावर एक पांढरा ठिपका आणि त्यामागे लांब, पसरत गेलेली पाण्याची शेपटी शोधा. बोटीपेक्षा शेपटी आधी दिसते. वेळापत्रकाशी वेळ जुळली, दिशा जुळली तर ती तुमचीच बोट. हे मला एकदाच साधलं, पण त्या पाच-सहा ठिपक्यांकडे मी अर्धा तास बघत बसले होते.

तुमच्या कुठल्याच दिवशी सेंटिनेल नसेल तर आधीचं आणि नंतरचं जवळचं चित्र घ्या आणि तुमच्या दिवसासाठी नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर जा. वर सांगितलेल्या उपग्रहाशी याचा संबंध नाही, फक्त नाव सारखं आहे. इथे २०००पासूनची रोजची चित्रं आहेत. खालच्या पट्टीवर तारीख टाका. टेरा सकाळी साडेदहाच्या आणि ॲक्वा दुपारी दीडच्या सुमाराला जाईल अशी मूळ आखणी, म्हणून दोन्ही थर आळीपाळीने लावले तर सकाळचे ढग दुपारपर्यंत कुठे गेले तेही कळतं. रस्ते-घरं दिसणार नाहीत. पण त्या दिवसाचं हवामान अख्खं दिसतं: किनाऱ्यालगतचं धुकं, वाळवंटातून उठलेली धूळ, रानवणव्याचा धूर, आदल्या रात्री पडलेला बर्फ.

सततच्या पावसाळी प्रदेशात ढगांपुढे काहीच चालत नाही. तिथे सेंटिनेल-१ लावून पाहा. २०१४पासूनचा हा रडारवाला उपग्रह ढगांतून आणि अंधारातूनही बघतो. चित्र काळंपांढरं आणि रवाळ असतं, पण पाणी काळंभोर आणि जहाजं चमकत्या ठिपक्यांसारखी दिसतात.

२०१५च्या आधीच्या सहलींसाठी लँडसॅट. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्स्प्लोरर या संकेतस्थळावर खातं उघडून ती शोधायची. २००८पासून हा सगळा साठा फुकट आहे. लँडसॅट-५ हा १९८४मध्ये गेलेला उपग्रह २०१३पर्यंत टिकला, तुमच्या बालपणीच्या सुट्ट्या बहुधा त्याच्याकडे असतील. एक उपग्रह १६ दिवसांनी त्याच जागी येतो, तेव्हा नेमका दिवस मिळणं नशिबाचं. लँडसॅट-७च्या चित्रांवर मे २००३नंतर तिरके काळे पट्टे दिसतात. त्यातला एक भाग बिघडला होता, तुमची फाइल खराब नाही. पट्ट्यांमधून जागा निसटत असेल तर त्याच महिन्यातलं लँडसॅट-५ पाहा.

आणखी मागे जायचं असेल, आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या प्रवासापर्यंत, तर कोरोना नावाच्या अमेरिकी हेर उपग्रहांची चित्रं आहेत, १९६० ते १९७२ या काळातली. ती फिल्मवर काढली जात, फिल्मची कुपी आकाशातून खाली सोडत आणि विमान तिला हवेतच आकड्याने पकडे. १९९५मध्ये हा साठा खुला केला गेला. स्कॅन झालेली चित्रं त्याच अर्थएक्स्प्लोररवर मिळतात. काळीपांढरी आहेत, पण शेवटच्या कॅमेऱ्यांचा बारकावा दोनेक मीटरपर्यंत होता. पन्नास वर्षांपूर्वी जिथे मुक्काम झाला, तिथे तेव्हा काय होतं आणि काय नव्हतं, हे दाखवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

चित्र वाचताना

पहिला धोका उलट्या डोंगरांचा. उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या वर, सूर्य दक्षिणेला असतो. उत्तर वर ठेवलेल्या चित्रात सावल्या वरच्या बाजूला पडतात. आपल्या डोळ्याला मात्र उजेड वरून येण्याची सवय. त्यामुळे दऱ्या डोंगरासारख्या आणि डोंगर दऱ्यांसारखे दिसू लागतात. नदी कड्यावरून चालल्यासारखी वाटली की समजा, हेच झालंय. चित्र उलटं फिरवा, दक्षिण वर आणा. क्षणात सगळं जागेवर येतं.

दुसरं, ढग की बर्फ? साध्या रंगांत दोन्ही पांढरे. कोपर्निकस ब्राउझरमध्ये एसडब्ल्यूआयआर हा पर्याय निवडा. डोळ्याला न दिसणाऱ्या लांब तरंगलहरींमध्ये बर्फ उजेड शोषून घेतो, म्हणून तो निळसर होतो आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरेच राहतात. फार उंचावरचे बर्फकणांचे ढग मात्र फसवतात. तिथल्याच फॉल्स कलर, म्हणजे खोट्या रंगांच्या, पर्यायात झाडोरा लालभडक दिसतो, कारण निरोगी पानं अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतात. लाल जितका गडद, तितकी झाडी सहसा दाट. करपलेलं गवत, नुकतं कापलेलं शेत, जळालेला डोंगर लगेच वेगळे पडतात.

पाण्याचा रंग फुरसतीने पाहा. नदीच्या मुखाशी गाळाचा पंखा पसरलेला असतो आणि गढूळ व स्वच्छ पाण्याची सीमा कधी कधी चाकूने कापल्यासारखी सरळ असते. माझ्या वहीतल्या हिरव्या-गढूळ पाण्याचं उत्तर तेच निघालं, आमची बोट त्या सीमेवरून गेली होती. समुद्र एकाच बाजूला चंदेरी चकाकत असेल तर तो उन्हाचा परावर्तित झोत. गाळ समजू नका.

भरती-ओहोटीच्या जागा तर एका चित्राने कळतच नाहीत. फ्रान्समधलं माँ-साँ-मिशेल हे बेट घ्या. तिथे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १४ मीटरच्या आसपास जातो. वेगवेगळ्या तारखांची सहा-सात चित्रं टाइमलॅप्सला लावली की कधी मैलोगणती ओली वाळू आणि झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले ओहोळ, कधी चहूबाजूंनी पाणी. तुम्ही गेलात तेव्हा यातलं कुठलं होतं, ते फोटोतल्या वेळेवरून ठरवता येतं.

नंतर काय झालं

तुम्ही परतल्यावरही ती जागा बदलत राहते. माँ-साँ-मिशेलला जाणारा १९व्या शतकातला भराव काढून टाकला आणि २०१४मध्ये खांबांवरचा पूल खुला झाला. त्याआधी गेला असाल तर ज्या रस्त्यावरून चाललात तोच आता नाही. माल्टातल्या गोझो बेटावरची अझुर विंडो ही दगडी कमान ८ मार्च २०१७ला वादळात कोसळली. आधीच्या आणि नंतरच्या स्पष्ट चित्रांत किनाऱ्याची ती कोपऱ्यातली जीभ नाहीशी झालेली दिसते. हवाईमधला कापोहो उपसागर २०१८च्या उद्रेकात लाव्हाने भरून गेला. तिथे पोहलेल्या माणसाने आपले फोटो आणि आजचं चित्र शेजारी ठेवावं. निळ्या पाण्याच्या जागी काळी जमीन आहे.

तुलनेचा माझा एक कडक नियम आहे: महिना तोच, उपग्रह तोच, रंगांची रीत तीच. मार्चची हिमनदी सप्टेंबरच्या हिमनदीशी ताडून पाहिली तर काहीही सिद्ध होतं. आलेचसाठी मी सप्टेंबरचीच चित्रं घेते, नवा बर्फ पडण्याआधीची. १९८५च्या सुमाराचं लँडसॅट आणि अलीकडचं, दोन्ही ३० मीटरची, एकावर एक ठेवली की हिमनदीचं टोक वर सरकलेलं स्पष्ट दिसतं. उंचीतला फरक असा वरून कळत नाही. तो सांगायला तिथली कॉन्कॉर्डिया हट ही गिर्यारोहकांची निवारा-झोपडी आहे. १८७७मध्ये बांधली तेव्हा ती बर्फापासून सुमारे ५० मीटर वर होती. आता बर्फ दीडशे मीटरहून अधिक खाली गेलाय आणि लोखंडी जिने लावून चढावं लागतं.

जपून ठेवायचं तर

स्क्रीनशॉटवर थांबू नका, मोठ्या आकारात डाउनलोड करा. फाइलच्या नावात तारीख, जागा, उपग्रह आणि रंगांची रीत लिहा. वर्षभराने नुसतं "फोटो ३" काहीच सांगत नाही. छापायचं असेल तर आधी हिशोब करा: सेंटिनेलचा २० किलोमीटर रुंद परिसर म्हणजे २००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तर सुमारे १७ सेंटिमीटर रुंद छपाई नितळ येते. त्याहून मोठं छापलं तर ठिपके दिसू लागतात.

चित्र कुठे दाखवलं तर श्रेय लिहा. कोपर्निकसच्या चित्राखाली बदल केलेला कोपर्निकस सेंटिनेल डेटा आणि वर्ष असा उल्लेख अपेक्षित असतो. गूगल अर्थच्या चित्रावरची नावांची ओळ कापू नका. टाचण्या आणि वाटा केएमझेड फाइलमध्ये एकत्र साठवा, पण ती इतरांना देण्याआधी वाटेची सुरुवात आणि शेवट तपासा. बऱ्याच जणांची रेघ आपल्या दारातूनच सुरू होते. तेवढे तुकडे कापून मगच पाठवा.

माझ्या आलेचच्या पानावर दोन छपाया शेजारी लावल्या आहेत. डावीकडे आमच्या तीन दिवस आधीची, निरभ्र, काळ्या रेघा उगमापासून टोकापर्यंत ठसठशीत. उजवीकडे आमच्या दिवसाची, वर्ल्डव्ह्यूवरून घेतलेली, जिच्यात हिमनदी अजिबात दिसत नाही. डोंगररांगेवर नखाएवढा पांढरा पुंजका आहे. त्याच्या कडेला मी पेनाने बारीक फुली मारली आहे आणि खाली वेळ लिहिली आहे. त्या पुंजक्याखाली आम्ही पाच जण उभे होतो, ढग फाटायची वाट बघत.